टूटूचा घेर आणि समईची वात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात एका जाणत्या वाचकांनी शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुली घालत असलेल्या आखूड, फुललेल्या, जाळीदार झग्यांविषयी खेद व्यक्त केला होता. बॅले या पाश्चात्त्य नाचाचा हा पोशाख, ज्याला टूटू म्हणतात, तो मुळात अंगप्रदर्शनासाठीच निघाला आणि आपल्या मुलींच्या अंगावर तो चढवण्याचे काहीही कारण नाही, असा त्यांचा सूर होता. मी वेंगुर्ल्यात तीस वर्षे शिलाईचे दुकान चालवते. धयकाल्याच्या, म्हणजे जत्रांतल्या दशावतारी नाटकांच्या, दिवसांत दशावतारी मंडळींची कामे आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या नाचांचे कपडे हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा आहे, त्यामुळे या पोशाखाविषयी चार शब्द लिहिणे मला कर्तव्यच वाटते. टूटू आखूड होत गेला तो पायांचे काम दिसावे म्हणून. त्यात भय बाळगण्यासारखे जे आहे ते त्याच्या कापडात आहे, आणि त्या कापडाविषयी त्या पत्रात एक अक्षरही नव्हते.

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या संमेलनासाठी मी पऱ्यांच्या नाचाचे आठ झगे शिवले. लेहंग्याला आतून फुगारा देण्यासाठी जी कडक जाळी लावतात आणि जिला बाजारात सगळे कॅनकॅन म्हणतात, तिचे सहा थर मी त्यांना दिले होते. दीपप्रज्वलनाची समई रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात तशीच तेवत होती. पाहुणे खाली उतरले, भाषणे संपली, तरी ती हलवायचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. शेवटच्या गिरकीत टोकाच्या मुलीचा घेर ताटासारखा आडवा उघडला आणि त्याची कड वातीवरून फिरली. विंगेत उभ्या असलेल्या बाईंनी अंगावरची शाल टाकून तिला कवटाळले, म्हणून निभावले. पोटरीवर चिंचोक्याएवढा चट्टा राहिला आहे. तो झगा मी दुकानात परत आणला. त्याची जाळी सुती कापडासारखी भडकलेली नव्हती; ती आक्रसली होती, वितळली होती आणि काळ्या मण्यांसारखी थेंबाथेंबाने मोज्यावर बसली होती. ते मणी सुईच्या टोकाने सोडवू गेले, तर प्रत्येक मण्याबरोबर मोज्याचे धागेही तुटून आले. तेव्हापासून या पोशाखाचा इतिहास मी मिळेल तिथून वाचते आहे, आणि त्यातले जे आपल्या वाचकांना ठाऊक असावे असे मला वाटते ते इथे मांडते.

बॅले हा मूळचा राजदरबारचा नाच. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचत असे आणि १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमी स्थापन केली. पुढे नर्तकी रंगमंचावर आल्या त्या दरबारी पोशाखातच आल्या. कमरेच्या दोन्ही बाजूंना पिंजऱ्यासारखे सांगाडे, त्यांवर जड भरजरी कापड आणि पायात टाचेचे जोडे, अशा थाटात पावले कोणाला दिसणार? १७२६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा या नाट्यसंस्थेत उतरलेली मारी कामार्गो हवेत उडी घेऊन दोन्ही पाय एकमेकांवरून झटकन अदलाबदल करण्याचे अवघड काम करीत असे, आणि ते तोवर पुरुष नर्तकांचेच मानले जाई. हे काम दिसावे म्हणून तिने आपला घेर घोट्याच्या वर घेतला असे सांगतात. टूटूच्या कुळकथेतली ही पहिली कात्री. यात मला परके काही वाटत नाही. जाखडीच्या नाचाला उभा राहणारा गडी पायातली चाळ झाकली जाईल असे काही घालत नाही, आणि दशावतारात स्त्रीपार्टी करणारा नट गिरकीसाठी नऊवारीचा काष्टा पक्का आवळूनच रंगमंचावर येतो. ज्या अवयवाचे काम, तो मोकळा हवा, हे नाचणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

कामार्गोचीच समकालीन मारी साले हिने १७३४ मध्ये लंडनमध्ये पिग्मॅलियनच्या कथेवर नृत्य केले. मूर्तिकाराने घडवलेली मूर्ती जिवंत होते, अशी ती कथा. त्यात सालेने सांगाडा टाकून दिला आणि मोकळ्या केसांनी, ग्रीक मूर्तीसारखी अंगाभोवती घेतलेली साधी मलमल नेसून ती नाचली. पुढे त्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या, विशेषतः ढाक्याच्या तलम मलमलीने युरोपातल्या बायकांना वेड लावले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जर आणि सांगाडे मागे पडले आणि छातीखाली बांधलेला सैल, पांढरा मलमली झगा हीच तिथली रीत झाली. नर्तकींच्या टाचाही त्याच सुमारास गेल्या आणि सपाट, मऊ जोडे आले. बॅलेच्या अंगावरचे जरीचे ओझे उतरवण्यात आपल्या उपखंडातल्या विणकरांच्या बोटांचा असा वाटा आहे, हे वाचताना मला फार बरे वाटले.

मलमल तलम असते, पण ती अंगासरशी पडते. फुलून उभी राहत नाही. तिला उभे करणारी वस्तू इंग्लंडमध्ये यंत्रावर तयार झाली. जाळीच्या ज्या कापडाला फ्रान्समधल्या टूल गावाचे नाव पडले आहे, ते पूर्वी लेस विणणाऱ्या बायका हाताने करीत आणि ते श्रीमंतांनाच परवडे. जॉन हीथकोट याने १८०९ च्या सुमारास तशी जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले आणि जाळी स्वस्त झाली. १८१६ मध्ये यंत्रविरोधी कामगारांनी लफबरो येथील त्याच्या कारखान्यातली यंत्रे फोडली, तेव्हा तो आपला सगळा उद्योग डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टन गावी घेऊन गेला. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना जाळे समजावून सांगावे लागत नाही, तरी फरक सांगते. रापणीचे जाळे गाठी मारून विणतात आणि त्याचा डोळा चौकोनी पडतो. टूलच्या जाळीत गाठ नसते. धागे एकमेकांना पीळ घालत तिरके निघून जातात आणि डोळा षट्कोनी पडतो. गाठी नसल्याने ती वजनाला काहीच नाही, आणि डोळ्याडोळ्यांत हवा भरलेली असल्याने थरावर थर ठेवले की ती आपोआप फुलून राहते. पाण्यावर फेकलेले पागाचे जाळे जसे हवेत गोल उघडते, तसा तिचा घेर गिरकीत उघडतो.

ही जाळी, ही मलमल आणि पायाच्या बोटांवर उभे राहण्याची नवी विद्या या तिन्ही गोष्टी १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात एकत्र आल्या. ‘ला सिल्फिद’ या नृत्यनाट्यात मारी तालियोनी वाऱ्याची परी झाली होती. नृत्यरचना तिच्या वडिलांची, फिलिप्पो तालियोनी यांची. पोशाख चित्रकार उजेन लामी याने योजला असे मानतात. चोळी अंगासरशी, खांदे उघडे आणि पोटरीच्या मध्यापर्यंत उतरणारा घंटेच्या आकाराचा पांढरा घेर, असे त्याचे रूप होते. ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते. त्या मंद उजेडात पांढरी जाळी चांदण्यासारखी दिसे आणि नर्तकी जमिनीला न टेकता तरंगते आहे असा भास होई. या लांब घेराला आज रोमँटिक टूटू म्हणतात. १८४१ च्या ‘जिझेल’ या नृत्यनाट्यात मेलेल्या कुमारिकांचे आत्मे याच पोशाखात नाचले, आणि पांढऱ्या घेरांची ती रांग बॅलेची ओळख होऊन बसली. त्यातला एक तरी घेर पोटरीच्या वर होता का, हे त्या पत्रलेखकांनी अवश्य पाहावे.

इथे आपल्या किनाऱ्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच तालियोनीने १८३० मध्ये ओबेर या संगीतकाराच्या एका रचनेत हिंदू देवनर्तकीची भूमिका केली होती, आणि त्या रचनेच्या नावातच ‘बायादेर’ हा शब्द आहे. हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादैरा’, म्हणजे नाचणारी, यावरून आला. आमच्याकडून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथल्या देवळांत नाचणाऱ्या बायकांना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. १८३८ मध्ये दक्षिण भारतातल्या खऱ्या देवदासी पॅरिसला गेल्या आणि तिथल्या रंगमंचावर नाचल्या. त्यांतल्या अमानी नावाच्या नर्तकीवर तेओफिल गोतिये या लेखकाने मनापासून लिहिले, आणि पुढे तीनच वर्षांत ‘जिझेल’च्या कथेला त्याचाच हात लागला. मारियुस पेतिपा या मूळच्या फ्रेंच नृत्यरचनाकाराने १८७७ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला ‘ला बायादेर’ बसवले. त्यात स्वर्गवासी नर्तकींच्या छाया उतारावरून एकामागून एक उतरतात, त्या पांढऱ्या टूटूत. दृश्य अतिशय देखणे आहे, पण आपल्या देवळात पायघोळ नेसून नाचलेल्या बाईच्या अंगावर तो घेर पाहताना मन थोडे खट्टू होते. ज्या देशात अमानी आपल्या स्वतःच्या वस्त्रांत नाचून गेली, तिथले लोक तिला चाळीस वर्षांत विसरले काय, असे वाटते.

आता कापडाविषयी. त्या काळची जाळी आणि मलमल सुती. ताठ राहावी म्हणून तिला खळ. आपल्याकडे भाताच्या पेजेची खळ दिलेले लुगडे चुलीपाशी नेऊ नये म्हणून आया मुलींना बजावत, ते उगाच नव्हे. रंगमंचावर पायाशी आणि विंगेत गॅसच्या उघड्या ज्योती होत्या, आणि त्यांच्यामधून हवा भरलेले सुती घेर फिरत होते. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर हिच्या पोशाखाने पेट घेतला आणि ती तीन दिवसांनी वारली. १८६१ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहात कपडे बदलण्याच्या खोलीत गॅसच्या ज्योतीवर एक पोशाख गेला. त्या आगीत गेल नावाच्या बहिणींसह निदान सहा नर्तकी दगावल्या, कारण वाचवायला धावलेलीचाही घेर तसाच होता. पॅरिसमध्ये विंगेत ओली घोंगडी टांगून ठेवत. १८५९ मध्ये तिथे सरकारी हुकूम निघाला की पोशाखाचे कापड कार्तरों याच्या पद्धतीने, क्षारांच्या पाण्यात बुडवून, अग्निरोधक करून घ्यावे. पण तसे केल्यावर जाळी कडक होई, पिवळट दिसे आणि फुलत नसे. म्हणून नर्तकींना ती नको असे.

एमा लिव्री ही त्यांतलीच एक. सोळाव्या वर्षी तिने तालियोनीच्याच ‘ला सिल्फिद’मधून पदार्पण केले. म्हाताऱ्या होत चाललेल्या तालियोनीने तिला आपली वारस मानले आणि १८६० मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियों’ म्हणजे ‘फुलपाखरू’ हे नृत्यनाट्य स्वतः रचले. त्या कथेत फुलपाखरू झालेली मुलगी मशालीकडे झेपावते आणि तिचे पंख जळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका संगीतिकेच्या तालमीत बसता-उठताना चुरगळू नये म्हणून लिव्रीने आपला घेर झटकून वर घेतला. त्या वाऱ्याने ज्योत हलली आणि जाळीने पेट घेतला. ती भयाने रंगमंचावर धावत सुटली आणि धावल्याने आग वाढली. शेवटी एका बंबवाल्याने तिला घोंगडीत गुंडाळले. पुढे आठ महिने वेदना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत. ही हकिकत वाचली त्या रात्री मी तो जळका झगा कपाटातून काढून पुन्हा पाहिला. आमच्या मुलीनेही पहिल्यांदा धावायलाच पाऊल उचलले होते. बाईंनी तिला धरले नसते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

घेर गुडघ्याच्या वर गेला तो यानंतर. इटलीत शिकलेल्या नर्तकींचे पायांचे काम फार जोरकस झाले होते, आणि लांब घेर त्यांच्या गिरक्यांत पायांना गुंडाळत असे. व्हर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली, तेव्हा तिथला लांब पोशाख घालायला तिने नकार दिला आणि तो आखूड करवून घेतला, असे सांगतात. पिएरिना लेन्यानी हिने १८९३ मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेऊन दाखवल्या आणि १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये त्या पुन्हा घेतल्या. झटकला जाणारा दुसरा पाय मांडीपासून दिसला नाही, तर या गिरकीतली करामत प्रेक्षकाला कळतच नाही. टूटू हे नावही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. लहान मुलांशी बोलताना बसण्याच्या भागासाठी फ्रेंच आया जो शब्द वापरतात त्यावरून ते आले असे काही म्हणतात, तर टूल या कापडावरून आले असे काहींचे मत आहे.

शिवणाऱ्याच्या नजरेने सांगायचे तर कमरेशी आडवा, ताटासारखा उभा राहणारा आजचा टूटू म्हणजे मोठ्या कौशल्याचे काम आहे. त्याचे दहा-बारा थर आतल्या चड्डीवर खालून वर शिवत जातात. मांडीजवळचा थर सर्वांत आखूड आणि वरचा सर्वांत लांब, म्हणजे खालचा थर वरच्याला उचलून धरतो. मग सगळे थर मधूनमधून हाताने सैल टाके घालून एकमेकांना अडकवतात. टाका ओढला गेला तर घेर मुरडतो आणि फारच सैल राहिला तर लोंबतो. चोळीला पाठीत चेन न लावता हूक लावतात, कारण तोच पोशाख उद्या दुसऱ्या मुलीला बसवायचा असतो आणि हूक सरकवता येतात. काही टूटूंत घेर सपाट राहावा म्हणून तारेचे कडे घालतात, पण गर्दीच्या नाचात एकीची कड दुसरीला लागली की दुसऱ्या बाजूने ती उचलली जाते. म्हणून १९५० मध्ये न्यूयॉर्कला नृत्यरचनाकार जॉर्ज बालांशिन यांच्या नर्तकींसाठी पोशाख करणाऱ्या बार्बारा कारिन्स्का यांनी तार काढून टाकली आणि कमी-जास्त लांबीचे मऊ थर एकमेकांवर सोडून पावडर लावायच्या फुलासारखा घेर तयार केला. धंद्यातली बाई म्हणून मला या सगळ्या इतिहासात कारिन्स्कांचा हा उपाय सर्वांत आवडला.

आक्षेप घेणाऱ्या वाचकांची कळकळ खोटी नाही, हेही मी मानते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार रंगमंचामागे नर्तकींच्या दालनात येऊन बसत, आणि नाचणाऱ्या बहुतेक मुली गरिबांच्या घरच्या असत. देगा या चित्रकाराने १८८१ मध्ये चौदा वर्षांच्या अशाच एका मुलीची मेणाची मूर्ती मांडली. तिला त्याने खऱ्या कापडाचा घेर आणि केसांत खरी फीत घातली होती. तेव्हाच्या टीकाकारांनी त्या पोरीच्या चेहऱ्याला नाही नाही ती दूषणे दिली. आपल्याकडे भाविणी-कलावंतिणींच्या वाट्याला जे आले ते याहून निराळे नव्हते. देवदासींच्या संरक्षणाचा मुंबई इलाख्याचा कायदा यायला १९३४ साल उजाडले. दोन्हीकडे पाहणाऱ्याची नजर मलिन होती आणि बोल लागला तो नाचणारीच्या वस्त्राला. आज आपल्या शाळेतली मुलगी महिनाभर तालीम करून रंगमंचावर उभी राहते, तेव्हा तरी तिच्या झग्याची लांबी मोजत बसू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मात्र झगा कशासाठी आणि कोणता, याचा विचार जरूर व्हावा. मिखाईल फोकिन या रशियन नृत्यरचनाकाराने जुलै १९१४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’च्या संपादकांना पत्र लिहून नव्या बॅलेची तत्त्वे मांडली होती. ठरीव पावलांची तयार जुळणी न करता प्रत्येक विषयाला, काळाला आणि संगीताला शोभेल असे नवे रूप दर वेळी शोधावे, असे त्याने त्यात म्हटले. आमच्याकडे कोळीगीत असो की परीकथा, सर्रास कॅनकॅनचाच फुगारा मागतात. जिथे गिरकीच नाही तिथे हा घेर निरुपयोगी आहे, आणि मी हल्ली तसे बाईंना स्पष्ट सांगते.

आजची जाळी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते. ती सुतीसारखी भडकत नाही म्हणून निर्धोक समजू नये. तीही पेट घेऊ शकते, आणि वितळून कातडीला चिकटते. म्हणून जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि नाच बसवणाऱ्या शिक्षकांना माझे सांगणे आहे की दीपप्रज्वलन आटोपताच समई, निरांजने आणि उदबत्त्या रंगमंचावरून खाली न्याव्यात. जाळीचे झगे घातलेल्या मुलींच्या हाती पेटती पणती किंवा आरतीचे ताट देऊ नये. विजेरीवर चालणाऱ्या पणत्या आता सगळीकडे मिळतात. जाळीखाली सुती अस्तर आणि पायात जाड सुती विजार असावी, विंगेत एक घोंगडी आणि पाण्याची बादली ठेवावी, आणि कपड्याला धग लागली तर धावायचे नाही, जागीच आडवे पडून लोळायचे, हे तालमीतच मुलींकडून करून घ्यावे.

यंदाच्या संमेलनांची कापडखरेदी दिवाळीनंतर सुरू होईल. त्याआधी ज्या शाळेला घेराचे माप, थरांचा क्रम आणि अस्तराचा बेत कागदावर काढून हवा असेल, तिला मी तो विनामूल्य देईन. तो जळका झगाही मी फेकलेला नाही. पालकसभेत दाखवायला कोणी मागितला तर खुशाल घेऊन जावा.

आपली नम्र,
शिलाईकाम करणारी एक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग